रफू आणि चक्कर

६ नोव्हेंबर

आजही गिऱ्हाईक नाही. दाराला घंटी लावलीय ती नुसती वाऱ्याने हलते — आणि हलली की आम्ही तिघी दचकतो. गिऱ्हाइकाची वाट बघायची आणि दार हललं की घाबरायचं! असलं दुकान मी जन्मात पाहिलं नव्हतं.

फोन, लिहितोयस ना? नात म्हणाली, "आजी, हे माइकचं चित्र दाबायचं, बोलायचं, परत दाबायचं. तो आपोआप लिहितो, तारीखही घालतो." मला अक्षर येत नाही. तू काय लिहितोस ते मला कळायचं नाही, तेव्हा तुझ्या इमानावर सोडलंय. नातीकडून कबूल करून घेतलंय — कुणी वाचायचं नाही. भीती मोठ्याने बोलून मोकळी करावी म्हटलं तर घरातल्या दोघी आधीच घाबरलेल्या. म्हणून तुझ्याशी.

तर आम्ही तिघी. मी, माझी लेक, आणि लेकीची लेक. धंदा रफूचा. कोट, पॅन्ट, स्वेटर — कुठे खिळ्यात अडकलं, कुठे जळलं, कुठे कसर लागली — त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागा काढायचा आणि भोक असं विणून बुजवायचं की मालकालाही जागा सापडू नये. सापडली तर रफू वाईट.

जुन्या शहरात आम्हाला सगळे ओळखत. ते सोडून इथे आलो. भर दुपारी, शिवणयंत्र भाजीच्या टेंपोत घालून, कुणालाही पत्ता न देता. कारण तो. तो म्हणजे नातीचा नवरा. जावई म्हणायला माझी जीभ वळत नाही. नातीच्या उजव्या हाताची करंगळी त्याने दारात चिरडली — दार चुकून लागलं नव्हतं. हाड वाकडं बसलं. चौकीतले साहेब म्हणाले, "घरातलं घरात मिटवा." आम्ही घरच मिटवलं.

ती आमच्याकडे निघून आली तेव्हा फोनवर तो शेवटचं जे बोलला, ते नातीला पाठ आहे. "कुठेही जा. शोधून काढीन."

८ नोव्हेंबर

कोटवाली आली. इथलं आमचं पहिलं गिऱ्हाईक. काळ्या कोटाच्या बाहीला सिगारेटचं भोक पडलं होतं — "माझी नाही हं आजी, आमच्या साहेबांची सिगारेट!" — तो कोट न्यायला. बाही उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली. "भोक कुठे होतं?" मी म्हटलं, "सापडलं तर सांग, मीही मघापासून तेच शोधतेय."

मग तिने रिकाम्या दुकानाकडे बघितलं. "एवढा हात चांगला आणि कुणी नाही? लोकांनी तुम्हाला शोधायचं कसं?"

शोधायचं म्हटल्याबरोबर लेकीच्या हातातली कात्री खाली पडली.

कोटवालीचं कामच ते निघालं. दुकानं लोकांना सापडवून द्यायची. सर्च इंजिन मार्केटिंग म्हणतात त्याला. इंजिन म्हटलं की मला धूर दिसतो! पण तिने समजावलं छान. लोक आता शेजाऱ्याला विचारत नाहीत, फोनला विचारतात. कोट फाटला, कुठे नेऊ? फोन दहा दुकानं दाखवतो. खालची येतात ती आपल्या पुण्याईने — जुनी, लोकांनी बरं म्हटलेली. त्याला महिने लागतात. अगदी वरती येतात त्यांच्या शेजारी बारीक अक्षरांत 'जाहिरात' असं असतं. ती जागा विकत मिळते. पण भिंतीवरच्या पाटीसारखी नाही. शब्द धरून मिळते. कुणी 'रफू' म्हणून शोधलं, की डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात त्या जागेचा लिलाव होतो.

"म्हणजे पैसेवाल्याची चंगळ," मी म्हटलं.

"तसंच नाही हो. विचारलेल्या गोष्टीला जाहिरात नेमकी लागू पडायला हवी. दाबल्यावर जे पान उघडतं ते नीट हवं. मग कमी पैशांतही वरती येता येतं."

"आणि नुसतं बघितलं, दाबलंच नाही तर?"

"तर फुकट. दाबलं तरच पैसे."

तिला वाटलं मी खूश होईन. जगाला फुकट दिसायचं! मी उठून दार लोटून आले.

९ नोव्हेंबर

लेक आणि नात एकमेकींशी बोलत नाहीत. एकाच टेबलाशी बसून "आजी, आईला सांग, अशाने दुकान बंद पडेल." "आई, तिला सांग, पाटीवर आपण आडनावसुद्धा लावलं नाही ते कशासाठी?" मी इकडचं तिकडे पोचवतेय. मीच इंजिन झालेय, फक्त धूर तेवढा निघायचा बाकी.

दोघींचं खरं आहे, हीच पंचाईत. सापडलो नाही तर धंदा जातो. सापडलो तर पोर जाते.

११ नोव्हेंबर

नात जिंकली. लेकीने अटी घातल्या — नाव नाही, चेहरा नाही, आवाज नाही. दुकानाचं नाव नुसतं 'रफू'. फोन आला तर मी उचलायचा. माझा आवाज ऐकून कुणालाही वाटेल की दुकानाला सत्तर वर्षं झालीत.

आज कोटवालीने शब्द निवडायला बसवलं. कीवर्ड म्हणायचं त्याला. म्हणाली, "तुम्ही काय करता ते विसरा आजी. माणूस घाबरून फोन हातात घेतो तेव्हा काय बोलतो ते सांगा." हे मला येतं! पन्नास वर्षं काउंटरच्या अलीकडे बसून माणसांचं तेच ऐकलं. कुणी 'वस्त्रदुरुस्ती' म्हणत नाही. म्हणतात — स्वेटरला भोक पडलं. कोट खिळ्यात अडकला. उद्या मुलाखत आहे नि पॅन्ट गुडघ्यावर फाटली. नवऱ्याचा आवडता शर्ट इस्त्रीने जळला, त्याला कळायच्या आत करून द्या. कोटवाली भराभर लिहीत होती. "हे लांब लांब शब्दच चांगले. विचारणाऱ्याला नेमकं काय हवंय ते त्यातून कळतं. आणि त्यावर गर्दी नसते."

मी म्हटलं, "ते असू दे. पण नुसतं 'रफू' पण घाल. आपला शब्द आहे तो." ती म्हणाली, एकटा शब्द सैल पडतो, कशालाही जाऊन चिकटतो. मी हट्ट केला. नातीने घातला.

१३ नोव्हेंबर

फोटो काढला. नुसते हात, सुई आणि करडा कोट. नातीचेच हात, कारण काम आता तिचंच सुंदर. खाली पत्ता, फोन नंबर. बाकीची बटणं नातीने स्वतःच दाबली. कोटवाली म्हणाली होती, "मी येते, मग सुरू करू." पण पोरीला धीर कुठला!

शेवटचं बटण दाबताना तिने डोळे मिटले. मी बघितलं.

१४ नोव्हेंबर

घंटी वाजली! माणूस होता. पॅन्ट घेऊन आला होता.

१९ नोव्हेंबर

आठ-दहा जण तरी आले असतील. एक मास्तर कोपर झिजलेला कोट घेऊन. एक नवरी मुलगी आईचा लग्नातला झगा घेऊन — कसर लागून चाळण झालेला. रडत आली. नातीने पडद्याआडून ऐकलं आणि तिचा झगा बाकीच्या सगळ्यांच्या आधी घेतला.

पडदा आम्ही दुकानात मधोमध टाकलाय. नात मागे बसते. पुढे मी. कुणी आलं की मी मोठ्याने म्हणते, "या, बसा, काय फाटलंय?" — म्हणजे तिला कळतं, साधं गिऱ्हाईक आहे. आणि संशय आला तर म्हणायचं, "आज काम घेत नाही." मग तिने मागच्या दाराने निघायचं. चप्पल दारापाशीच तोंड बाहेर करून ठेवलीय.

अजून एकदाही म्हणावं लागलेलं नाही. पण प्रत्येक घंटीला ते वाक्य जिभेवर येऊन बसतं.

२३ नोव्हेंबर

आज आधी हसलो, मग नकाशा बघितला.

कोटवाली आली, लॅपटॉप उघडला. लोकांनी काय काय विचारून आमची जाहिरात दाबली ते सगळं दिसतं म्हणे त्यात. तिने वाचून दाखवलं. 'कोट रफू जवळपास.' 'स्वेटरला कसर काय करावं.' सगळं ठीक. मग तिचा आवाज जरा घुटमळला. "'रफूचक्कर झालेला कुत्रा'."

"काय?"

"'भाडेकरू रफूचक्कर झाला तर काय करावं.' 'रफूचक्कर म्हणजे काय.' 'रफूचक्कर कसं व्हायचं'."

माझा सैल शब्द! रफू जाऊन चक्करला चिकटला. ज्याचं कुणी पळून गेलंय तो शोधायला येतो आणि त्याला वरतीच आमचं दुकान दिसतं! नात खोखो हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मी म्हटलं, "तो शेवटचा चोर सभ्य दिसतोय, विचारून पळतोय बिचारा." लेकसुद्धा हसली.

मग कोटवाली म्हणाली, "पण हे एवढ्या लांबून कसे आले? गोल केवढा आखलाय?"

नात म्हणाली, "कुठला गोल?"

कोटवालीने तिच्याकडे बघितलं. "नकाशावर गोल आखायचा असतो. आपली जाहिरात कुठे दिसायची तो. नाही आखला तर सगळीकडे दिसते."

तिने नकाशा काढला. मला अक्षर येत नाही, पण नकाशात ठिपके कळतात. तिने गावांची नावं वाचली. त्यात आमचं जुनं शहर. तिथून एकाने जाहिरात दाबलीय. एकानेच. कोण ते कळत नाही. काय विचारून, तेही कळत नाही.

कोटवालीला काही ठाऊक नव्हतं, ती म्हणाली, "अहो, एका क्लिकचेच पैसे गेले, एवढं काय!"

आणि तेवढ्यात मी जाहिरातीचं पान बघितलं. आजवर बघितलंच नव्हतं, मला वाटायचं फोटो कोपऱ्यात एवढासा असेल, बाकी अक्षरंच. फोटो केवढा मोठा! सुई धरलेला उजवा हात, तीन बोटं सरळ — आणि करंगळी बाहेर वळलेली, दारात चिरडलेल्या फांदीसारखी.

चेहरा नाही, नाव नाही, आवाज नाही. सगळं झाकलं आणि ज्यावरून तो ओळखेल तेच उघडं ठेवलं. तेही मीच मापं घेतल्यासारखा कोट सरळ करून दिला होता फोटोला!

२४ नोव्हेंबर

कोटवालीला सगळं सांगितलं. सांगावंच लागलं. तिने कोट काढून खुर्चीला अडकवला आणि कामाला लागली.

पहिला गोल आखला. फक्त हे शहर. बाहेरच्या कुणाला आता जाहिरात दिसायची नाही.

मग नकोत ते शब्द. असेही असतात! ज्या शब्दांवर आपण मुळीच दिसायचं नाही ते सांगून ठेवायचे. 'रफूचक्कर' घातला. 'पळून' घातला. 'बायको' घातला, 'बेपत्ता' घातला. नात एकेक सांगत होती, शांतपणे, जसं गिऱ्हाइकाला गुंड्यांचे रंग सांगावेत. शेवटी तिने स्वतःचं नाव सांगितलं. कोटवालीने एकदाच वर बघितलं आणि घातलं.

किती छान सोय आहे बघ. तोंडाने सांगायचं, या शब्दाला माझं दार उघडू नकोस. लग्न जुळवताना मिळायला हवी होती.

आणि फोटो बदलला. आता माझे हात आहेत. मी म्हटलं, "लोक विचारतील, सुरकुत्याही रफू करता का?" कुणी हसलं नाही. मीही उगाच बोलले.

२५ नोव्हेंबर

घंटी चारदा वाजली. चारही वेळा मी आधी हातांकडे बघितलं, मग तोंडाकडे.

१ डिसेंबर

आज "काम घेत नाही" म्हटलं.

एक माणूस हेल्मेट न काढता आत आला. उंची तीच, खांदे तेच. हातात काही नाही. रफूच्या दुकानात रिकाम्या हाताने कोण येतं? मी ओरडलेच, "आज काम घेत नाही!" पडद्यामागे खुर्ची सरकली, मागचं दार वाजलं. त्याने हेल्मेट काढलं. पोरगेला चेहरा, घामाघूम. "आजी, अहो मीच फाटलोय!" मागे वळून पॅन्ट दाखवली. गाडीवर बसताना उसवली होती, इंचभर नाही, वीतभर! म्हणून हातात काही नव्हतं. जे होतं ते अंगावर होतं.

त्याला स्टुलावर बसवून दिली शिवून. नात गल्लीच्या टोकाशी उभी होती. लेक आणायला गेली तेव्हा म्हणाली, "मला पाय उचलता येत नव्हते."

४ डिसेंबर

दुपारी दोघी जणी काज करत बसलो होतो. नात आपणहून बोलली. कधी बोलत नाही त्या घराबद्दल.

म्हणाली, "आजी, त्या दिवशी मी निघाले ना, तेव्हा बाहेरची कडी लावलेलीच नव्हती. तो जाताना रोज बाहेरून कडी घालायचा. त्या दिवशी ढकललं आणि दार उघडलं. मी कितीतरी वेळ उंबऱ्यातच उभी. वाटलं, मुद्दाम ठेवलंय, बाहेर उभा असेल."

"विसरला असेल."

"तो विसरत नाही."

मी विचारलं, "आणि सासू कुठे होती?"

"बाहेर कपडे वाळत घालत होती. पाठ करून."

विहीणबाई! लग्नात तासभर माझ्या शेजारी बसली होती. मी एकटीच बोलत होते, ती मान हलवत होती. तोंडाला रफू केल्यासारखी — टाकासुद्धा दिसत नव्हता. बोट चिरडलं तेव्हा पट्टी हिनेच बांधली म्हणे, पण एक शब्द बोलली नाही. अशा बाईचा मला त्याच्यापेक्षा जास्त राग येतो. तो निदान ऐकू तरी येतो.

१० डिसेंबर

फोन, माइक दोनदा चुकला.

कोटवाली सकाळी कामावर जाता जाताच आली. बसली नाही. लोकांनी काय विचारलं ते आता ती रोज बघते, आमच्यासाठी. म्हणाली, "काल एक आलंय. मी आधी समजलेच नाही. वाटलं कुणीतरी डॉक्टर शोधतंय."

"वाच."

"'वाकडी करंगळी असलेली रफू करणारी मुलगी कुठे बसते'."

लेक खाली बसली. जमिनीवरच.

कोटवाली म्हणाली, "टाइप केलेलं नाही वाटत. एवढं लांब लोक बोलून विचारतात, तुम्ही फोनशी बोलता तसं." मग थांबली. तिला पुढचं सांगायचं नव्हतं, पण नातीने विचारलं. "हे कुठून?"

"गोल आता फक्त या शहराचा आहे."

म्हणजे तो इथे आहे. फोटो बदलायच्या आधी त्याने बघितला. शहर कळलं. गल्ली लक्षात राहिली नाही, तेवढी शोधतोय.

लेक म्हणाली, "बंद कर. आत्ता. सगळं बंद." कोटवाली म्हणाली, एका मिनिटात होतं. 'करंगळी' नकोत त्या शब्दांत घालते, किंवा सगळीच जाहिरात थांबवते.

नात पडद्यामागून पुढे आली. दिवसा, गिऱ्हाइकांच्या वेळी, पुढे! म्हणाली, "करंगळी घाला. जाहिरात बंद नका करू. आई, एक दुकान बंद केलं. हे बंद करू. मग पुढचं कुठे उघडायचं आणि किती लहान आवाजात?"

"जीव राहिला तर उघडू कुठेही!"

"मला काम येतंय आई. लोक मला शोधत येतायत. मला म्हणजे — माझ्या कामाला. पहिल्यांदाच कुणी चांगल्यासाठी शोधतंय."

लेकीने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "आई, तिला सांग."

मी काहीच पोचवलं नाही. मी फक्त माझी खुर्ची उचलली आणि दाराच्या जवळ नेऊन ठेवली. अगदी जवळ. आत यायचं तर आधी माझ्यावरून यावं लागेल.

११ डिसेंबर

मोठी कात्री मांडीवर. कापड कापायची. गिऱ्हाईक विचारतं, "आजी, एवढी कात्री?" मी म्हणते, "जिभेला धार कमी झालीय, म्हणून."

कोटवालीने ओळखीच्या वकीलबाईंचा नंबर दिलाय. नवीन चौकीत कळवलंय. तिथल्या बाईसाहेबांनी नीट ऐकून घेतलं. निदान ऐकून घेतलं! "दिसला की फोन करा." दिसला की, म्हणजे दिसेपर्यंत आमचे आम्ही.

१२ डिसेंबर

दुकानाचा फोन वाजला. मी उचलला. "रफूचं दुकान," म्हटलं.

पलीकडे कुणी बोललं नाही. श्वास ऐकू येत होता. मागे बसच्या दारावर थाप मारून कुणीतरी पुढे चला म्हणत होतं. मी म्हटलं, "कोण आहे?" श्वास थांबला. मला वाटलं, आता बोलेल, "शोधून काढलं ना?" पण फोन ठेवला गेला.

लेकीने न बोलता पिशवी भरायला घेतली. नातीने ती उलटी करून रिकामी केली. लेकीने परत भरली. असं कितीतरी वेळ. मी बघत बसले. मला भीतीपेक्षाही त्या पिशवीचंच वाईट वाटायला लागलं.

फोन, उद्या मी बोलले नाही तर समजून घे. तुला काय समजणार म्हणा. लिही आपलं.

१३ डिसेंबर

घंटी वाजली. मी कात्री घेऊन उठले.

विहीणबाई. एकटी. हातात कापडी पिशवी, पायांत वेगवेगळ्या दोन चपला.

मी दार अडवलं. "तो कुठाय?"

"त्याला माहीत नाही." एवढं बोलायलाही तिला वेळ लागला. "काल फोन केला होता. तुमचा आवाज ओळखला. मग मला बोलवेना."

"आज काम घेत नाही," मी म्हटलं. ठरलेलं वाक्य तोंडातून निघून गेलं. पण मागचं दार वाजलं नाही. नात पडदा सरकवून पुढे आली आणि सासूकडे बघत उभी राहिली.

"कडी तुम्ही काढली होती?"

विहीणबाईने मान हलवली. मग म्हणाली, "माझ्यासाठी काढायला कुणी नव्हतं. म्हणून फोनला विचारलं, कसं जायचं. तर त्यात तुझा हात दिसला. इथे उतरल्यावरही तुझी करंगळी सांगून फोनलाच विचारलं."

'रफूचक्कर कसं व्हायचं.' आणि आम्ही चोर म्हणून हसलो होतो.

लेकीने पाणी आणलं. तिने पेला दोन्ही हातांनी धरला. उजव्या हाताची करंगळी पेल्याला टेकत नव्हती. बाहेर वळलेली. जुनी, बरीच जुनी.

मी कात्री ठेवली. दाराला आतून कडी घातली.